अहो-जाहोतलं इंजिन

इंजिनाचं काम शिवीशिवाय होत नाही. मी जन्मभर मराठी शिकवलं, वर्गात ‘गाढवा’च्या पलीकडे कधी गेलो नाही. पण सांगलीवाडीच्या मळीत, म्हणजे कृष्णाकाठच्या आमच्या शेतात, पाणी उपसायचं डिझेल इंजिन अडलं की मिस्त्री येऊन जे काही बोलतो, ते मी खाली मान घालून ऐकतो. कारण ते बोलून झाल्याशिवाय इंजिन चालू झालेलं मी पाहिलेलं नाही. पाना निसटला की एक, बोल्टचे आटे गेले की दोन, आणि इंजिन धडधडायला लागलं की शेवटची एक, ती मात्र लेकराच्या गालावरून हात फिरवल्यासारखी.

आता हेच काम जावयाच्या इंजिनावर करायचं म्हटलं तर काय करणार?

जावई शिकागोत कॉम्प्युटरवर असतात. मे महिन्यात एकदा लेकीचा फोन आला, “आई, बोट घेतली.” आमच्या हिला ऐकू आलं, “बोट कापलं.” पुढची पाच मिनिटं हळद दाबून धरायच्या सूचना चालल्या होत्या, त्यातही ती हळद सांगलीहून नेलेलीच आहे ना, तिकडच्या दुकानातली नव्हे ना, याची चौकशी. मग फोटो आला. सत्तावीस फुटी, शिडाची, आणि वयाने जावयांपेक्षा मोठी. मालक बदलत बदलत आमच्या घराण्यात आलेली. ती तरंगते मिशिगन सरोवरात. ‘सरोवर’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपलं तळंच आलं, कमळं वगैरे असलेलं. क्षेत्रफळ बघितलं तर अठ्ठावन्न हजार चौरस किलोमीटर. आपल्या सांगली जिल्ह्यासारखे पावणेसात जिल्हे आटपाडीच्या दुष्काळासकट त्यात बुडतील.

मिस्त्रीला फोटो दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा केला, शीड सोडून मागचं भोक बघितलं आणि म्हणाला, “मास्तर, हे धुराडं हाय. आत इंजान हाय.”

“आहे ना. दोन सिलिंडरचं डिझेल.”

“मग शीड कशाला?”

“वाऱ्यावर चालते.”

“मग इंजान कशाला?”

वारा पडला तर परत यायला, आणि धक्क्यावरच्या दाटीतून बोट आत-बाहेर करायला, असं मी समजावलं. “म्हंजे बैलगाडीला ट्रॅक्टर बांधल्यागत,” असा निष्कर्ष काढून तो गेला. तेव्हा वाटलं विषय संपला. तो ऑक्टोबरात पुन्हा निघाला.

शिकागोची थंडी म्हणजे आपली नव्हे. सांगलीत पारा बारावर आला की आम्ही कानटोप्या काढतो आणि पेपरात शेकोटीचा फोटो येतो. तिकडे १९८५ च्या जानेवारीत उणे तेहेतीस झालं होतं. अशा थंडीत इंजिनात पाणी राहिलं की त्याचा बर्फ होतो, बर्फ पाण्यापेक्षा नऊ टक्के जास्त जागा मागतो, आणि ती देण्यासाठी बिडाचा ब्लॉक तडकतो. फ्रीजरमध्ये सोड्याची बाटली विसरलेल्या कोणालाही हे कळेल. म्हणून हिवाळ्याच्या आधी बोट क्रेनने उचलून जमिनीवर टेकूंवर ठेवायची आणि इंजिनाला सहा महिने झोपवायचं. पाणी काढायचं, ऑइल बदलायचं, फिल्टर बदलायचा, आणि नळ्यांतून न गोठणारं गुलाबी पाणी फिरवायचं.

यार्डवाला हे सगळं करून देतो. त्याने सांगितलेले डॉलर लेकीने रुपयांत करून ऐकवले, तेव्हा चकल्या पाडत असलेल्या हिने सोऱ्या खाली ठेवला. “एवढ्यात दुसरं इंजिन येईल,” ही म्हणाली, आणि मग जिच्यामुळे पुढचं सगळं रामायण घडलं ती ओळ: “आणि आपल्याकडे घरात माणूस असताना?”

घरातला माणूस म्हणजे मी. माझी लायकी एवढीच, की दर जूनमध्ये कृष्णेच्या काठावरून इंजिन वर ओढून काढताना मी दोर धरून उभा असतो. आमच्याकडे इंजिनाचा वैरी थंडी नव्हे, पूर. आयर्विन पुलाखाली चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. पण आमची मळी एवढी खाली की सरकारला धोका वाटायच्या आत आमचं इंजिन पोहायला लागतं. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा ते आठवडाभर बुडून होतं. थोडक्यात, इथे बाहेरचं पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून धडपड, तिथे आतलं पाणी बाहेर काढायची. पाणी तेवढं दोन्हीकडे. तेवढ्यावर मी तज्ज्ञ ठरलो.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल लागला. तिकडे सकाळचे नऊ. पडद्यावर प्रथम जावयांचा कान आला, मग अंधार, मग पुन्हा कान. बोटीतल्या इंजिनाची खोली म्हणजे आपल्या देवघरापेक्षा लहान. आत उतरायच्या पायऱ्या उचलून बाजूला ठेवायच्या, की मागे ते महाराज बसलेले. ज्या बोल्टला हात घालायचा तो नेमका भिंतीकडच्या बाजूला. हा नियम मात्र जगभर एकच आहे, त्याला शिकागो काय आणि सांगलीवाडी काय.

“मामा, दिसतंय का?”

“दिसतंय हो जावईबापू. जरा मोबाइल सरळ धरता का? नाही म्हणजे, जमलं तर.”

‘जमलं तर’ हे मी पाना हातात असलेल्या माणसाला बोललो. मिस्त्रीने माझं डोकं फोडलं असतं.

पहिलं काम सुरळीत झालं. इंजिन थोडं चालवून गरम करायचं, म्हणजे ऑइल पातळ होतं. बोट जमिनीवर, मग थंड करायला पाणी कुठून? पाण्याचा पाईप एका बादलीत सोडलेला आणि बादलीत नळाची नळी. हे बघून मला भरून आलं. आमचं इंजिनही नदीच्याच पाण्यावर थंड होतं, मध्ये रेडिएटर वगैरे भानगड नाही. ऑइल काढायला मात्र खाली घमेलं सरकवायला जागा नाही, म्हणून डिपस्टिकच्या भोकातून बारीक नळी घालून पिचकारीसारख्या पंपाने वर ओढायचं. काळंकुट्ट ऑइल डब्यात येताना बघून ही म्हणाली, “काकवीच की.” जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, ते सहा महिने आत ठेवलं तर बेअरिंगं खात बसतं, म्हणून झोपवायच्या आधी बदलायचं, उठवल्यावर नव्हे. लेकीने हे पुस्तकातून वाचून दाखवलं. आम्ही कैक वर्षं उठवल्यावर बदलतोय. मी काही बोललो नाही.

डिझेलचा फिल्टर बदलला आणि तिथे माती खाल्ली. फिल्टर उघडला की लाइनमध्ये हवा शिरते. डिझेल इंजिनाला लाइनमध्ये बुडबुडा चालत नाही. पंप दाब द्यायला जातो, हवा दबते, डिझेल जागचं हलत नाही. सांगलीत शेंबडं पोरगंही सांगेल, ‘एअर धरली’. एअर काढायची म्हणजे फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा लिव्हर हाताने हापसायचा, आणि फेस जाऊन सलग डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा.

एकाने हापसायचं, दुसऱ्याने स्क्रू धरायचा. इथे माझ्या विषयाने मला दगा दिला.

मराठीचं आदरार्थी बहुवचन फार सुंदर आहे, मी त्यावर तीस वर्षं प्रश्न काढलेत. पण मी म्हणालो, “तुम्ही सोडा,” तर दोघांनीही सोडलं. “तुम्ही आवळा,” तर दोघंही आवळायला गेली आणि डोकी आपटली. “आप्पा, मी की हा?” लेक ओरडली. तिला ‘तू’, त्यांना ‘तुम्ही’, दोघं मिळूनही ‘तुम्ही’. शेवटी मी ‘जावईबापू, आपण’ वर आलो. ‘जावईबापू, आपण सोडा’ हे वाक्य उच्चारून होईपर्यंत पाव लिटर डिझेल बोटीच्या तळात गेलेलं असायचं.

साडेआठला मी मिस्त्रीला बोलावलं. तो जेवणावरून उठून आला. दारातच हिने त्याला अडवलं.

“हे बघा, पाव्हण्यांशी नीट बोलायचं. तोंडात शब्द यायला नको.”

“न्हाई वहिनी,” तो म्हणाला, आणि तोंडात शब्द येऊ नये म्हणून तंबाखूचा बार भरून बसला.

दोन तोंडांचं काम तो एका तोंडाने कसं करत होता ते बघण्यासारखं होतं. “पावणं,” तंबाखू सांभाळत तो म्हणाला, “आपुन तो स्क्रू... ह्यो न्हवं, त्येच्या अंगचा...” आणि सवयीने त्याने पडद्यावरच्या स्क्रूला अंगठा लावून फिरवला. कॉल कट झाला. पुन्हा लावला. पुन्हा त्याने पक्कड लागल्यासारखी पडद्याला चिमूट लावली. आता कॅमेरा उलटून शिकागोवाल्यांना आमचं छत आणि त्यावरची पाल दिसायला लागली. तिसऱ्यांदा मी मोबाइल दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो आणि तो माझ्या खांद्याआडून बघत राहिला. कपाळावर घाम, हातांची बोटं हवेत पाना फिरवतायत. एवढी वर्षं मी या माणसाला बघतोय, पण न बोलता काम करताना इतका दमलेला कधी बघितला नव्हता.

तेवढ्यात जावई म्हणाले, “मामा, लिव्हर सैल लागतोय. हापसला तरी काही येत नाही. तुटला वाटतं. मी ऑनलाइन मागवतो, मंगळवारी येईल.”

“न्हाई तुटला,” मिस्त्री तंबाखूतून म्हणाला.

“नाही, म्हणजे पार्ट स्वस्त आहे. आणि वीकडेला मला वेळ...”

“न्हाई तुटला वो.”

“ठीक आहे, मग मी आधी जुना खोलून बघतो...”

मिस्त्री उठला. अंगणात जाऊन थुंकून आला. मी हिच्याकडे बघितलं, हिने माझ्याकडे. मिस्त्रीने माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला, तोंडासमोर धरला, आणि त्यानंतर दिवाळीच्या तोंडावर, कढईत अनारसे असताना, देवापुढे समई असताना, आमच्या घरात कधीही उच्चारला न गेलेला एक शब्द त्याने माझ्या एकुलत्या एका जावयाला उद्देशून उच्चारला. आणि त्या शब्दाला जोडूनच, “क्रँक अर्धा फेर फिरव की!”

समईची वात तडतडलेली ऐकू आली. अनारसा करपला, पण तो काढायला कोणी हललं नाही.

गोष्ट साधी होती. तो छोटा पंप कॅमशाफ्ट नावाच्या फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याने चालतो. इंजिन थांबताना उंचवटा नेमका पंपाला दाबून थांबला, तर पंप आधीच दाबलेला; हाताने लिव्हर कितीही हलवा, तो रिकामाच फिरणार. इंजिन थोडं फिरवलं की उंचवटा सरकतो आणि लिव्हरला दम येतो. एवढं सांगायला मला आत्ता चार वाक्यं लागली. मिस्त्रीला एक पुरलं.

शिकागोहून काही सेकंद नुसतं कण्हणं ऐकू येत होतं. मग जावयांचा आवाज, “झालं! कडक लागतोय आता!” आवाजात राग नव्हता. उलट, इतक्या वर्षांत हा माणूस आमच्याशी पहिल्यांदाच मोकळा बोलतोय असं वाटलं. मिस्त्रीने बांध फुटल्यासारखं पुढचं सगळं ‘अरे-तुरे’त उरकलं. “हापस. हापस की लेका. फेस येतोय? येऊ दे. तू सोडू नगंस. ए पोरी, तू धर. आता आवळ!” दोन मिनिटांत एअर निघाली. माझा पाऊण तास गेला होता.

जावई किल्लीकडे धावले आणि लेक किंचाळली, “थांब! पाईप आधी बादलीतून काढ!”

याचं श्रेय मिस्त्रीला नाही आणि मला तर नाहीच. ती पुस्तक वाचत होती. या बोटींत इंजिन थंड करून आलेलं पाणी धुराबरोबरच सायलेन्सरमध्ये सोडतात, आणि धुराच्या जोरावर ते बाहेर फेकलं जातं. इंजिन पेटत नसताना नुसता स्टार्टर मारत बसलं, तर पंप पाणी ओढतच राहतो, पण ढकलायला धूर नाही. सायलेन्सर भरतो आणि पाणी मागच्या दाराने सिलिंडरमध्ये येतं.

सिलिंडरमध्ये पाणी म्हटल्यावर मी आणि मिस्त्री एकदमच गप्प झालो. २०१९ चा पूर ओसरल्यावर इंजिनावरचा गाळ धुऊन मी हँडल मारायला गेलो होतो, तेव्हा त्याने माझा हात वरच्यावर धरला होता. पाणी हवेसारखं दबत नाही. खालून पिस्टन वर आला की वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आधी नोझल काढून त्याने सिलिंडरमधलं पाणी बाहेर उडवलं होतं, तेव्हा त्यात एक शिंपला निघाला. तो अजून आमच्या देवघरात आहे. का, ते विचारू नका.

पाईप काढून किल्ली मारली. एक आचका, दुसरा, आणि मग टक्-टक्-टक् सुरू झालं. पाईप परत बादलीत. मिस्त्रीने शेवटची ती कौतुकाची दिली. हिने ती ऐकूनही न ऐकल्यासारखी केली.

पुढचं घाईचं होतं. इंजिन गरम करून बंद करायचं, ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडून उरलेलं पाणी काढून टाकायचं, म्हणजे गुलाबी औषध पातळ होत नाही. आणि इंजिन गार व्हायच्या आत गुलाबी पाणी पाजायचं. गार झालं की थर्मोस्टॅटचं झाकण मिटतं आणि गुलाबी पाणी ब्लॉकमध्ये न शिरता बाहेरच्या बाहेर वळसा घालून निघून जातं. वर रंग दिसतो, आत साधं पाणी तसंच. पाहुणचार झाला, पण पाहुणा उपाशी.

कॉक उघडला, थेंब नाही. गंजाने तोंड बुजलेलं. “सायकलची स्पोक घाल,” मिस्त्री म्हणाला. शिकागोच्या यार्डात सायकल कुठली? लेकीने केसातला आकडा काढून दिला. तांबड्या पाण्याची चिळकांडी थेट कॅमेऱ्यावर आली आणि पुढचे सगळे प्रसंग आम्ही तांबूस रंगात बघितले.

गुलाबी पाण्याच्या बाटलीवर ‘उणे ५०’ लिहिलेलं. “तितं मान्सं कशी ऱ्हात्यात?” मिस्त्रीने विचारलं. ते फॅरनहाइट होतं, आपलं उणे सेहेचाळीस. आणि तेवढ्या थंडीपर्यंत ते पातळ राहतं असंही नाही, आधीच बर्फाच्या गोळ्यासारखं भुसभुशीत होतं, फक्त नळी फोडत नाही. हिची चिंता माशांची. हे प्रॉपिलिन ग्लायकॉलचं, गाडीच्या रेडिएटरात असतं त्या एथिलिनसारखं विषारी नाही, आणि मागे धरायला बादली लावलीय, असं सांगितल्यावर ती अनारशांकडे परतली.

लेक शिडी लावून धुराड्यापाशी उभी. जावई आत, बादलीत बाटल्या ओततायत. “पांढरंच आहे... पांढरंच... जरा फिकट... गुलाबी! आप्पा, गुलाबी!” सांगलीत गणपती विसर्जनाला गुलाल उडाल्यावर होतो तसा आनंद आमच्या सोप्यात झाला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. शेजाऱ्यांनी दिवा लावला.

राहिलं ते किरकोळ. पाण्याच्या पंपातली रबरी चक्री, म्हणजे इम्पेलर, काढून ठेवायचा, नाहीतर सहा महिने दबून त्याची पाती वाकडी राहतात. डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही. धुराड्याच्या तोंडात बोळा. आणि इम्पेलर काढलाय हे वसंतात विसरू नये म्हणून किल्लीलाच चिठ्ठी बांधायची. “चिठ्ठीचं तेवढं विसरू नका, जावईबापू,” मी म्हणालो. परत ‘अहो’वर आल्यावर मलाच ते परकं वाटलं.

हिने मिस्त्रीशी आठ दिवस बोलणं टाकलं. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याला फराळाला बोलावल्यावाचून राहवेना. गल्लीतल्या चार बायका आल्या होत्या, माझे दोन जुने विद्यार्थी आले होते. तेवढ्यात लेकीने फोटो पाठवला: किल्ली, आणि तिला बांधलेली चिठ्ठी, जावयांच्या सुवाच्य मराठी अक्षरात. हिने कौतुकाने चष्मा लावला. “बघा हं, आमच्या जावयांचं अक्षर,” म्हणत सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला घेतलं.

“‘एप्रिल. एक, इम्पेलर बसवणे. दोन, धुराड्यातला बोळा काढणे. तीन, एअर काढताना लिव्हर सैल लागल्यास,’”

आणि पुढे तो शब्द होता, जसाच्या तसा. ही वाचण्याच्या ओघात होती.

मिस्त्रीने चकलीकडे बघितलं. बायकांनी एकमेकींकडे. हिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. मी मराठीचा मास्तर, सवयीने आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. बरोबर होतं.